सोनगीरची भांडी आणि वारशाची मजुरी

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. रस्त्यालगत टेकडी, टेकडीवर किल्ल्याचे अवशेष, पायथ्याशी गाव. इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये या गावाच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत. गावाने किती मालक पाहिले त्याची यादी त्यात आहे. मोगल, निजाम, पेशवे, पेशव्यांकडून विंचूरकर आणि 1818 मध्ये कंपनी सरकार. किल्ला फारुकी काळाशी जोडला जातो. आणि या सगळ्याबरोबर एक लहानशी नोंद अशी, की इथल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना या भागात चांगलं नाव आहे, शिवाय जाड्याभरड्या घोंगड्या आणि सुती कापडही इथे तयार होतं.

मालकांची यादी आपल्याला शाळेत पाठ करायला लावतात. भांड्यांची नोंद कुणी विचारत नाही. पण सोनगीरचा खरा सलग इतिहास त्या नोंदीतच आहे. विंचूरकरांच्या अंमलात जी घागर पाण्याला लागत होती, तीच कंपनीच्या अंमलातही लागत होती. किल्ल्यावरचं निशाण बदललं त्या दिवशीही खाली तांबटाच्या घरात हातोडा चालूच असणार.

हे आज लिहावंसं वाटण्याचं कारण वेगळं आहे. मे 2025 मध्ये मुंबईत ‘वेव्हज’ नावाची मोठी परिषद झाली. सिनेमा, ॲनिमेशन, गेमिंग, डिझाइन असं सगळं तिथे होतं आणि ‘ऑरेंज इकॉनॉमी’ हा शब्द तेव्हापासून मराठी वर्तमानपत्रांतही रुळला. कल्पनाशक्ती, कला आणि सांस्कृतिक वारसा यांवर उभं राहणारं अर्थकारण, असा त्याचा अर्थ. आपल्या मुलांना या क्षेत्रात कामं मिळतील, असं सांगितलं जातं. मिळोत. पण या क्षेत्रात काम करणाऱ्यांची गणना सुरू झाली की ती कॉम्प्युटरपासून सुरू होते आणि संग्रहालयाच्या दारात संपते. सोनगीरचा तांबट त्यात कुठे बसतो? आणि त्याने घडवलेलं भांडं वर्षानुवर्षं वापरण्याजोगं ठेवणारा कल्हईवाला कुठे बसतो?

आधी तांबटाचं काम बघू. तांब्याचा किंवा पितळेचा पत्रा गोल कापायचा आणि लोखंडी खुंटावर ठेवून ठोकत ठोकत त्याला पोट आणायचं. ठोकून ठोकून धातू ताठ होतो, मग तो चिरण्याची भीती. म्हणून भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करायचा आणि परत ठोकायचा. घागरीसारखं मोठं भांडं एका पत्र्यात होत नाही. खालचा आणि वरचा भाग वेगळा घडवून सांधायचा, सांध्यात टाकणखार घालून डाक द्यायची. शेवटी मठारायचं. भांड्याच्या अंगावर एकाला एक लागून हातोडीचे जे चमकदार ठसे दिसतात, ते मठारकाम. शोरूममधला ग्राहक त्याला नक्षी समजतो. मुळात ते धातूला कणखर करण्यासाठी असतं, देखणेपणा हा वरचा फायदा. ठोका जरा तिरपा पडला की पोचा, जास्त बसला की पत्रा पातळ. हे मोजायला कुठलं यंत्र नव्हतं, कान होता. ठोक्याच्या आवाजावरून धातू कुठे जाड, कुठे पातळ ते कळतं.

या धंद्याचं अर्थकारणही समजून घेण्यासारखं होतं. भांडं वजनावर विकलं जाई. जुनं, फुटकं भांडं ‘मोड’ म्हणून वजनावरच परत घेतलं जाई आणि त्यातून नवं घडे. त्यामुळे हंडा-परात ही घरातली भांडीही होती आणि अडीअडचणीला गहाण टाकायची बचतही होती. लेकीच्या लग्नात भांडी देण्याची रीत त्यातूनच आली. ती देताना त्यांवर नाव घातलं जाई. टोकदार छिन्नीने टिंब टिंब करत देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, कधी तारीख, कधी गाव. मराठी मुसलमानांच्या घरात माळ्यावर पडलेल्या जुन्या पराती उलट्या करून बघा. कुठे देवनागरीत, कुठे उर्दूत, कुणा आजी-पणजीचं नाव सापडेल. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलं नाही, तिच्या नावाचा हा एकमेव लेखी पुरावा असू शकतो. मोडीत घालण्याआधी निदान एक फोटो काढून ठेवा.

आता कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. मराठीत त्यासाठी हा खास शब्दच आहे. ताक, आमटी, चिंचेचं सार, काहीही कळकू नये म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यावा लागतो. कल्हईवाला जमिनीत खड्डा करतो, भाता लावतो, भांडं राखेने घासून निखाऱ्यावर तापवतो. नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठतो, त्या क्षणी कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो वितळलेला थेंब सर्रकन आतून फिरवायचा. काळंकुट्ट भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. मग पाण्यात बुडवायचं, चर्र आवाज येतो, काम झालं. वापर असेल त्याप्रमाणे काही महिन्यांनी पुन्हा तेच.

महाराष्ट्रात अनेक गावांत हा कल्हईवाला मुसलमान असे. त्याच्या कामातले शब्दही दूरवरून आलेले आहेत. कल्हई हा अरबी ‘कलई’. त्याचा संबंध मलाया द्वीपकल्पातल्या कलाह या बंदराशी लावला जातो, जिथून अरब व्यापारी कथील आणत. नवसागर म्हणजे फारसी नौशादर. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही, मराठी जिभेने त्याला आपल्या ओळखीचं रूप दिलं एवढंच. कारागीर, कारखाना, हुन्नर, वस्ताद, नमुना, नक्षी हे सगळे शब्द त्याच वाटेने आलेले.

पण शब्दांचा हा हिशेब एकतर्फी नाही. देवघरात लावतात ती पितळेची समई घ्या. तिचं नाव ‘शमा’वरून आलेलं आहे. शमा म्हणजे मेणबत्ती, दिवा. आणि आपल्याकडे वजूसाठी वापरतात तो तोटीचा बधना? त्याचं मूळ संस्कृत ‘वर्धनी’पर्यंत जातं, म्हणजे पाण्याचं भांडं. हिंदू देवघरातल्या दिव्याचं नाव अरबी-फारसी आणि मुसलमानाच्या वजूच्या भांड्याचं नाव संस्कृत. दोन्ही घडवणारा तांबट एकच. त्याला यात काही विशेष वाटलं नसेल, गिऱ्हाईक मागेल ते तो घडवत होता. यावर आज व्याख्यानं द्यावी लागतात ही आपली अडचण, त्याची नव्हे.

मग अॅल्युमिनियम आलं, त्यामागून स्टेनलेस स्टील आलं. 1960-70 नंतर घराघरांत मांडणीवर स्टीलची भांडी चढली. ती हलकी, न कळकणारी, चिंच लावून घासायची गरज नाही. भांडी घासणाऱ्या बायकांनी स्टीलचं स्वागत केलं, यात त्यांचं काहीच चुकलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण वारशावर लिहिणारे बहुतेक लोक भांडी घासत नाहीत. नळ आला तशी घागर गेली, गिझर आला तसा बंब गेला. तांबटाच्या मालाची मागणी घटली आणि कल्हईवाल्याची त्याहून वेगाने. हल्ली कल्हईवाल्याकडे जे काम येतं त्यात लग्नाच्या देगांचा वाटा मोठा. भटारी तांब्याच्या देगेत बिर्याणी शिजवतो आणि देगेला आतून कल्हई हवीच. दम धरायला तांब्यासारखं भांडं नाही, हे कुठल्याही भटाऱ्याला विचारा.

गेल्या काही वर्षांत तांबं पुन्हा आलंय. पाण्याची बाटली म्हणून, हॉटेलातली छोटी हंडी म्हणून, दिवाणखान्यातली शोभेची घागर म्हणून. वरवर पाहता ही चांगली बातमी आहे. पण बाटली यंत्रावर होते, शोभेच्या घागरीला कल्हई लागत नाही. कारागिरीतला जो भाग दुरुस्तीचा, देखभालीचा होता, तो या नव्या बाजारात उरलेलाच नाही.

सरकारी यादीतही तीच गत. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसायांना ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी मदत आणि कमी व्याजाचं कर्ज. त्या अठरांत सुतार, लोहार, सोनार, कुंभार, न्हावी, धोबी, शिंपी आहेत. तांबट हे वेगळं नाव नाही, त्याला धातूकाम म्हणून लोहाराच्या रांगेत उभं राहावं लागतं. कल्हईवाला तर कुठेच नाही. योजनेवर टीका करण्यासाठी हे सांगत नाही. नोंदीत ज्याचं नाव नसतं त्याच्या कामाला काम म्हणून कुणी विचारत नाही. गॅझेटियर लिहिणाऱ्या इंग्रजानेही भांड्यांची नोंद घेतली, कल्हईची घेतली नाही.

पंजाबात अमृतसरजवळ जंडियाला गुरू नावाचं गाव आहे. महाराजा रणजितसिंगांच्या काळात तिथे काश्मीरहून आलेले धातूचे कारागीर वसले. तिथल्या ठठेऱ्यांची तांब्या-पितळेची भांडी घडवण्याची कला 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. काम सोनगीरच्या तांबटाचंच, हातोडाही तोच. पण यादीत नाव गेल्याने लगेच गिऱ्हाईक आलं नाही. पुढे डिझाइन, विक्री आणि प्रशासन यांनी लक्ष घातलं तेव्हा कुठे हालचाल झाली. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईत कोकणातून तांबट आले. तिथेही इंटॅकसारख्या संस्थेने आणि काही डिझायनरांनी मठारकामाला नव्या वस्तूंमध्ये जागा मिळवून दिली. पुण्याला हे जमलं, कारण गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर होतं. सोनगीरच्या दारावरून राष्ट्रीय महामार्ग जातो, गाड्या थांबत मात्र नाहीत.

दिल्लीतल्या हुमायूनच्या मकबऱ्याचं उदाहरण मला जास्त उपयोगाचं वाटतं. आगा खान ट्रस्टने तिथलं जतनाचं काम 2013 मध्ये पूर्ण केलं. आधीच्या दुरुस्त्यांत छतावर ओतलेलं सिमेंट काँक्रीट आधी हाताने फोडून काढावं लागलं, त्याचं वजन दहा लाख किलो भरलं. मग चुना, दगड, निळ्या-पिवळ्या चकचकीत फरशा. पाथरवट, गवंडी, गिलावा करणारे, फरशी भाजणारे मिळून सुमारे दोन लाख दिवसांची मजुरी या एका इमारतीवर झाली. फरशांची कला भारतात लोपली होती म्हणून उझबेकिस्तानातून कारागीर आले आणि त्यांनी शेजारच्या निजामुद्दीन बस्तीतल्या पोरांना शिकवलं. त्याच बस्तीतल्या पोरांना, जी या मकबऱ्याच्या सावलीत वाढली होती. वारसा म्हणजे दोन लाख दिवसांचं काम, हा हिशेब मला आवडतो.

खानदेशात असं काम नाही का? सोनगीरहून पुढे शिरपूरकडे जा आणि तापीकाठी थाळनेरला वळा. 1370 मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा फारुकीला थाळनेर आणि करवंद दिलं, तिथून खानदेशचं स्वतंत्र राज्य उभं राहिलं. मलिक राजा 1399 मध्ये गेला, त्याची कबर थाळनेरला. धाकट्या मुलाकडे थाळनेर आणि थोरल्या नसीर खानाकडे धुळ्याजवळचा लळिंग, अशी वाटणी झाली होती. पुढे नसीर खानाने असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं आणि खुलदाबादच्या हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्या शहराला दिलं. तरी 1437 मध्ये तो गेला तेव्हा दफन थाळनेरलाच झालं. नंतरचे मीरान आदिल खान आणि मीरान मुबारकही तिथेच. एक अष्टकोनी मकबरा तर थांबून बघण्यासारखा आहे. भिंतींवर कोरीव काम आहे, अक्षरं आहेत.

त्या अक्षरांपाशी माणूस थांबतो. मोबाइलवर फोटो काढतो, ‘सुंदर नक्षी’ असं लिहून टाकतो आणि पुढे जातो. यात मुसलमान पोरंही आली. कुराण वाचता येणाऱ्या मुलालाही दगडावरचं जुनं वळण लागत नाही, कारण ते वाचणं वेगळं शिकावं लागतं. कल्हई उडालेलं भांडं जसं शोभेचं होतं, तसं वाचणारा नसला की शिलालेखही शोभेचा होतो.

वाचणारा असला तर काय हाती लागतं, ते बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत दिसतं. फारुकी सुलतान आदिलशाहने, म्हणजे राजा अली खानाने, ती बांधली. मेहराबीच्या भिंतीवर अरबी लेख आहे, हिजरी 997 चा. आणि त्याच मशिदीत संस्कृत लेखही आहे, देवनागरीत, विक्रम संवत 1646 आणि शके 1511 देणारा, तिथी-वारासकट, फारुकींची वंशावळ सांगणारा. शिवाय अकबराने असीरगड घेतला त्या 1601 च्या मोहिमेची फारसी नोंद तिथे मीर मासूम भक्करी याने कोरली. एका मशिदीच्या भिंती वाचायला अरबी, फारसी आणि संस्कृत लागतं. संस्कृत लेख वाचणारा म्हणेल की सुलतानाने पंचांग पाहून मशीद बांधली. अरबी वाचणारा त्याच घटनेची हिजरी तारीख सांगेल. एकानेच दोन्ही वाचले तर बरंच काही कळेल. आजच्या भांडणांत ही मशीद पुराव्यादाखल कुणी वाचत नाही, कारण वाचायलाच येत नाही.

ही विद्या शिकवणाऱ्या आणि वापरणाऱ्या जागा फार दूर नाहीत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपूरला आहे, म्हणजे आपल्याच राज्यात. देशभरातल्या मशिदी, मकबरे, विहिरी, किल्ले यांवरचे लेख तिथे वाचले जातात. डॉ. झियाउद्दीन देसाई यांनी त्या शाखेचं काम वर्षानुवर्षं सांभाळलं, त्यांचं 2002 मध्ये निधन झालं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग. ह. खरे यांनी फारसी कागदांचे खंडच्या खंड काढले, सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणली. आणि खानदेशापुरतं बोलायचं तर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच वारले आणि पुढच्याच महिन्यात हे मंडळ स्थापन झालं. जुन्या मराठी पत्रांत फारसी शब्द किती, हे शब्द मोजून दाखवणारा माणूस तो. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी मी सहमत नाही, पण मोजण्याची ती चिकाटी उसनी घेण्यासारखी आहे.

खरे, पगडी फारसी शिकले. मराठी मुसलमानांतून मोडी शिकलेले किती निघतील? मोडी म्हणजे ‘त्यांचं’ आणि फारसी म्हणजे ‘आपलं’, अशी एक वाटणी आपण मनात करून बसलोय. जुन्या कागदांनी ती कधीच मानली नाही. शिक्का फारसी आणि मजकूर मोडी, असे कागद पेशवाईतही होते. दर्ग्याला, मशिदीला, कबरस्तानाला जमीन देणाऱ्या सनदा मोगलांच्या आहेत तशा मराठा सरदारांच्याही आहेत.

याची गरज किती तातडीची आहे, ते 2025 मध्ये आपण सगळ्यांनी अनुभवलं. 6 जूनला वक्फ मालमत्तांसाठी ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झालं. नोंदणीला सहा महिने. कायद्यावर कुणाचं काय मत आहे, ते इथे बाजूला ठेवू. मुतवल्लींना कागद शोधावे लागले आणि कागद सापडले तिथे पुढची अडचण आली, की यात लिहिलंय काय? लाल कापडात गुंडाळलेला, घडीवर फाटलेला, पिढ्यान् पिढ्या उदबत्ती दाखवून पेटीत ठेवलेला कागद, आणि अख्ख्या जमातीत तो वाचणारा एक माणूस नाही. मग मोडी वाचणाऱ्याचा शोध, त्याची फी, तारखा. ज्याला मोडी येते त्याला फारसी शिक्का लागत नाही, ज्याला फारसी येते तो मोडीपुढे हात टेकतो.

राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. काही महाविद्यालयांत आणि खाजगी संस्थांतही ते चालतात. सुरुवात काही आठवड्यांत होते, सराईत व्हायला वर्षं लागतात, तांबटाच्या कानासारखंच. उर्दू येणाऱ्या मुलाला फारसी लिपी नव्याने शिकायची नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला मोडीतली भाषा परकी नाही, फक्त वळण शिकायचं आहे. खानदेशातल्या मराठी मुसलमान मुलामुलींकडे या दोन्ही गोष्टी घरातूनच आलेल्या असतात. उर्दू माध्यमाची शाळा आणि अहिराणी-मराठी बोलणारी गल्ली. दुसऱ्या कुणाला हा जोड कमवायला दहा वर्षं घालवावी लागतील.

धुळ्यातून सोनगीरला जाणारी एसटी अर्ध्या-पाऊण तासात पोचवते. परत येताना राजवाडे मंडळात डोकावता येतं. माळ्यावरची परात आणि पेटीतला कागद, दोन्हींचे फोटो बरोबर न्यावेत.